कंबर मोजली म्हणून डॉक्टर बदलू का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ ४१ वर्षांचे. चौदा वर्षांपासून सोरायसिस. कोपरं, गुडघे, नडग्या आणि डोक्यात केसांच्या कडेने चट्टे. जुने डॉक्टर निवृत्त झाले, म्हणून नव्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी चट्टे पाहिले, नखं पाहिली. मग वजन केलं, बीपी घेतलं, टेप काढून कंबर मोजली. शुगर, कोलेस्टेरॉल, लिव्हर अशा तपासण्या लिहून दिल्या. 'सकाळी बोटं आखडतात का?', 'हल्ली उदास वाटतं का?' हेही विचारलं. 'मी मलम मागायला गेलो होतो आणि जाड आहे हे ऐकून परत आलो,' असं ते लिहितात. टाच दुखते, पण ती नव्या बुटांमुळे असावी असा त्यांचा अंदाज. तपासण्या केलेल्या नाहीत. त्यातच आठ वर्षांची मुलगी 'बाबा, माझ्याबरोबर पोहायला चल' म्हणून हट्ट धरून बसली आहे. त्यांचे प्रश्न दोन: डॉक्टर बदलू का? आणि पोहणं कसं टाळू? शेवटी एक ओळ जाता जाता लिहिलीय: 'हे तिला माझ्याकडून येईल का?'

*

डॉक्टर बदलू नका. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

तुमचा राग सगळाच चुकीचा आहे असं मात्र मला वाटत नाही. चौदा वर्षं ज्या माणसाने आपलं शरीर लोकांच्या नजरेपासून सांभाळून ठेवलं, त्याच्या कमरेभोवती काही न सांगता टेप गुंडाळला तर त्याला ते लागणारच. 'हे मी का मोजतेय' एवढं एक वाक्य त्या बाईंनी आधी बोलायला हवं होतं. पुढच्या वेळी तुम्ही त्यांना तसं सांगा. चांगल्या डॉक्टरला ते ऐकून राग येत नाही.

त्या बोलल्या नाहीत ते वाक्य आता माझ्याकडून ऐका. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं ते सांगणार नाही. पण टेप का काढला ते सांगू शकते.

तुमच्या पत्रात 'त्वचेचाच तर आजार आहे' हे तीन वेळा आलंय. आपल्या त्वचेची पेशी खालच्या थरात तयार होते, वर सरकते आणि गळून पडते; या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तो तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी अर्ध्याकच्च्या वर येतात, एकमेकींवर साचतात आणि खपली होते. म्हणजे दिसतं ते त्वचेवर. पण ही घाई करायला लावणारा हुकूम त्वचेचा नसतो, रोगप्रतिकार यंत्रणेचा असतो. टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ अशी त्या हुकमाच्या निरोप्यांची नावं आहेत. हे निरोपे काही कोपरापाशी थांबत नाहीत. तोच दाह, म्हणजे आतली सूज-जळजळ, सांध्यांत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, कधी डोळ्यात काम करत असतो, आणि तिथे खपली पडत नाही म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

सोरायसिस असलेल्यांमध्ये, विशेषतः आजार तीव्र असलेल्यांमध्ये, हृदयविकार, मधुमेह, वाढलेलं बीपी आणि फॅटी लिव्हर इतरांपेक्षा जास्त आढळतं. जास्त आढळतं याचा अर्थ तुम्हाला होणारच असा नाही. अर्थ एवढाच की चाळिशीतल्या माणसाने ज्या गोष्टी अधूनमधून तपासाव्यात, त्या तुम्ही न चुकता तपासायच्या. आणि कंबर म्हणाल, तर पोटाभोवतीची चरबी नुसती पडून राहिलेली नसते. ती स्वतः दाह वाढवणारे असेच निरोपे रक्तात सोडत असते. चट्टे आणि चरबी अशी एकमेकांना साथ देतात. वजन जास्त असताना काही औषधांचा गुण कमी येतो आणि वजन उतरलं तर अनेकांचे चट्टेही निवळतात, हे पाहण्यात आलेलं आहे. बाईंनी टेप काढला तो यासाठी. तुम्हाला जाड म्हणायला कोणाला टेप लागत नाही हो.

लिव्हरच्या तपासणीचं कारण आणखी सरळ आहे. मलमाने भागत नसेल तर पोटात घ्यायच्या औषधांचा विचार होतो आणि त्यातलं जुनं, खूप वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट लिव्हरवर भार टाकतं. शनिवार-रविवारी 'थोडी' दारू असते असं तुम्ही लिहिलंय. ती थोडी म्हणजे किती, हे डॉक्टरांना खरं सांगा. दिवसाच्या चार-पाच सिगरेटींबद्दलही सांगा, कारण तंबाखूचं आणि सोरायसिसचं चांगलंच सख्य आहे.

आणि हे तुमच्या डॉक्टरबाईंचं खूळ नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला आणि त्याला दीर्घकाळ चालणारा, असंसर्गजन्य, वेदनादायक, विद्रूप करणारा आणि अपंगत्व आणणारा आजार म्हटलं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवालही आला. त्वचेपलीकडच्या त्रासांकडे लक्ष द्या, हे त्यात आहेच.

आता टाच. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच आहे आणि तुम्ही ती कंसात टाकलीय.

नवे बूट कारण असतीलही. पण मी तुम्हाला काही विचारते, तुम्ही मनातल्या मनात उत्तरं द्या. टाच कधी दुखते? दिवसभर चालून संध्याकाळी, की सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना? थोडं चालल्यावर वाढते की मोकळी होते? बोटं आखडलेली असतील तर ती चहाचं पाणी उकळेपर्यंत सुटतात, की अर्धा तास उलटून गेला तरी शर्टाचं बटण लावताना चिमटीत येत नाही? झिजेचं किंवा बुटांचं दुखणं बहुधा वापराने वाढतं आणि विश्रांतीने कमी होतं. दाहाचं दुखणं उलटं वागतं: विश्रांतीने आखडतं, हालचालीने सुटतं. स्नायूचा दोर (टेंडन) हाडाला जिथे जोडलेला असतो ती जागा सोरायसिसच्या संधिवाताला विशेष आवडते आणि टाचेच्या मागची बाजू ही त्यातली ठरलेली जागा.

तुम्ही असंही लिहिलंय की दोन नखांवर 'टाचणीने टोचल्यासारखे' बारीक खड्डे आहेत आणि एका पायाचं नख टोकाकडून सुटतंय. डॉक्टरांनी नखं निरखून पाहिली ती यासाठी. सोरायसिस असलेल्यांपैकी काही अभ्यासांत ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा त्रास होतो. बहुतेकांत आधी त्वचा आणि नंतर, कित्येकदा दहाएक वर्षांनी, सांधे. ज्यांची नखं बिघडलेली असतात त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. तुमची चौदा वर्षं झालीत. हे निदान नाही. टाच दाखवायला एवढं कारण पुरे आहे, इतकंच.

इथे एक फसगत होते म्हणून सांगते. या संधिवातासाठी 'हो की नाही' सांगणारी एक अशी रक्ततपासणी नाही. संधिवातासाठी रक्तात नेहमी बघतात तो आरए फॅक्टर यात बहुधा निगेटिव्हच येतो. तो कागद बघून 'संधिवात नाही' असं स्वतःच ठरवून टाकू नका. दुसरी फसगत म्हणजे चट्टे कमी आहेत म्हणजे सांधे ठीक असणार, हा समज. माझ्या मावशीला सोरायसिस होता. डोक्यात दोन चट्टे आणि कानामागे एक, बस्स. त्वचेचं तिला कधी काही वाटलं नाही. मधलं बोट अख्खंच्या अख्खं फुगायचं, नुसतं पेर नव्हे, तेव्हा ती म्हणायची, कपडे पिळून झालं असेल. मग शेजारचं फुगलं. पुढे तिच्या स्वेटरची बटणं मी लावून द्यायचे आणि ती खिडकीबाहेर बघत उभी राहायची. वयाचा संधिवात आहे असंच सगळे धरून चाललो होतो. दोन्हींचा संबंध जोडणारा संधिवाततज्ज्ञ भेटला तोवर ती बोटं वाकडी झाली होती, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. बाकीची बोटं मात्र औषधाने वाचली. सांध्याची झीज झाली की मागे फिरवता येत नाही, आणि लवकर औषध सुरू झालं तर ती रोखता येते. म्हणून माझा हा आग्रह.

डोळ्यांचं याच ओघात सांगते. डोळा लाल, दुखरा झाला आणि उजेड सहन होईना, तर आठवडाभर थेंब घालून वाट बघू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि सोरायसिस आहे हे त्यांना आपणहून सांगा.

उदास वाटतं का, या प्रश्नाचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलेला दिसतो. 'मी वेडा नाही' असं तुम्ही लिहिलंय. पण त्याच पत्रात हेही लिहिलंय, की घरातलं कोणी उठायच्या आत तुम्ही उठता आणि चादर झटकता. गाडीची सीट काळी आहे म्हणून डिकीत ब्रश ठेवता. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. मीटिंगच्या आदल्या रात्री बाथरूममध्ये बसून नडग्या वज्रीने घासता, गुळगुळीत होईपर्यंत. मित्रांच्या सहलीला सहा वर्षांत गेलेला नाहीत, कारण तिथे खोली वाटून घ्यावी लागते. हे सगळं वेडेपणाचं नाही, अतिशय शिस्तीचं आहे. पण याला मेहनत पडते, आणि ती तुम्ही रोज, कोणाला न सांगता करताय. सोरायसिसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात ती काही अंशी या मेहनतीमुळे, काही अंशी खाजेने मोडलेल्या झोपेमुळे, आणि दाहाचाही त्यात हात असावा असं मानलं जातं. त्वचारोगतज्ज्ञांकडे दहा प्रश्नांचा एक छोटा फॉर्म असतो. आजाराने आयुष्याला किती वेढलंय हे त्यात ० ते ३० गुणांत मोजतात: कपडे, काम, खेळ, जवळची नाती, सगळं. तो मागून घ्या आणि खरा भरा. चट्टे थोडे पण गुण जास्त असतील, तर उपचार वाढवायला तेही कारण ठरतं. (इतर वाचकांसाठीही: जगणं नकोसं वाटायला लागलं असेल तर फॉर्मची वाट बघायची नाही. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी आणि डॉक्टरांना सांगायचं.)

ती वज्री मात्र आजच टाकून द्या. सोरायसिसची एक खोड आहे: त्वचेला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठतो. एकोणिसाव्या शतकात क्योबनर नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने ते नोंदवलं. आजही त्याच्याच नावाने ओळखतात. खरचटणं, भाजणं, उन्हाने त्वचा सोलवटणं, काहीही चालतं त्याला. तुमच्या नडग्यांवरचे चट्टे इतर जागांपेक्षा हट्टी का, याचं एक उत्तर कदाचित त्या वज्रीत असेल. खपली काढायचीच असेल तर अंघोळीनंतर ओलसर त्वचेवर जाडसर मॉइश्चरायझर चोपडा, ती मऊ होऊन सुटू द्या. सॅलिसिलिक ॲसिडची मलमं खपली सोडवण्यासाठीच असतात. ती डॉक्टरांना विचारून.

जुन्या डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम तुम्ही 'संपलं की तेच आणतो' असं म्हणता. किती वर्षं? तीव्र स्टेरॉइड अनेक महिने तसंच चालू राहिलं की त्वचा पातळ होते, विशेषतः मांड्यांच्या सांध्यात, काखेत, चेहऱ्यावर. एकदम बंद केलं तर चट्टे उसळून येऊ शकतात. त्यामुळे स्वतः चालू ठेवायचं नाही आणि स्वतः तोडायचंही नाही. ट्यूब घेऊन जा, दाखवा, आणि कसं उतरवायचं ते विचारा. किती लावायचं याचं माप सोपं आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या, बोटांसकट, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. गंमत म्हणजे बरेच जण भरमसाट लावतात किंवा घाबरून नुसतं बोट फिरवतात. दोन्हीत मलमाला नाव ठेवलं जातं.

पोटात घ्यायच्या स्टेरॉइडचं आणखी जपून. ती अचानक बंद केल्यावर सगळं अंग लाल होणं, पूभरल्या फोडांचा सोरायसिस उठणं असे जिवावरचे प्रकार होऊ शकतात. 'मुळापासून बरा करतो' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची मला भीती वाटते ती यामुळेच, कारण पंधरा दिवसांत त्वचा लख्ख करणाऱ्या पुडीत कित्येकदा तेच असतं. सोरायसिस आज मुळापासून जात नाही. पण तो आटोक्यात ठेवता येतो, आणि तुम्ही पहिलं मलम घेतलंत तेव्हापेक्षा आज खूपच चांगला. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे उपचार आहेत. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, त्यामुळे वेळेचं गणित आधी बघा. गोळ्या आहेत. वर ज्या निरोप्यांची नावं घेतली त्यांनाच अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात, तेव्हा छातीचा एक्सरे सांगितला तर दचकू नका. आणि मेथोट्रेक्सेट कोणाला दिलं गेलंच, तर ते सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा असतं. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर लिहा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या. मूल हवं असलेल्या स्त्रियांनी, आणि पुरुषांनीही, हे कुठलंही औषध सुरू करण्याआधी तो विषय डॉक्टरांकडे काढायचा.

आता पोहणं. 'कसं टाळू' याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि असतं तरी दिलं नसतं.

तुम्हाला भीती आहे ती लोक बाजूला सरकतील याची. सरकतीलही एखाददोन. ही भीती फार जुनी आहे. शतकानुशतकं सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत आली. १८०८ मध्ये विलन या इंग्रज डॉक्टरने त्याचं नीट वर्णन केलं, तरी नावांचा गोंधळ राहिलाच. तो १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्राने सोडवला आणि हा आजार स्पष्टपणे वेगळा काढला. वैद्यकाने ती गाठ सोडवून पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. शेजारच्या लेनमधल्या माणसापर्यंत हे अजून पोचलं नसेल, तर त्याला सांगायला एक वाक्य तयार ठेवा: 'सोरायसिस आहे, लागत नाही.' घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा घसा अडकेल. तलावावर कोणी अडवेल असं वाटत असेल तर डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन ठेवा. भेगा पडून रक्त येत असेल त्या आठवड्यात पाण्यात उतरू नका, झोंबतं. एरवी क्लोरीनने त्वचा कोरडी पडते एवढंच: बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुवा, टिपून घ्या, घासू नका, आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. टाचेला, सांध्यांना, कमरेला, त्या टेपलासुद्धा, पोहण्याइतका सोसणारा दुसरा व्यायाम शोधून सापडणार नाही.

मुलीला हे येईल का? सोरायसिसमध्ये आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण एका पालकाला असेल तर बहुतेक मुलांना तो होत नाही. जनुकं असूनही तो उठायला निमित्त लागतं: घशाचा संसर्ग, इजा, ताण, काही औषधं. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. घसा चांगलाच दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिच्या अंगावर थेंबांसारखे बारीक चट्टे उठले तर डॉक्टरांना दाखवा. सावळ्या त्वचेवर ते लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतात, त्यामुळे पटकन लक्षात येत नाहीत. याहून जास्त पहारा ठेवू नका.

आणि तिला माहीत नाही असं तुम्ही धरून चाललाय. आठ वर्षांच्या मुलीला माहीत नाही? तुम्ही सकाळी चादर झटकता त्याचा आवाज तिच्या खोलीत जात असेल. सगळं माहीत असूनच तिने तुम्हाला पाण्यात बोलावलंय.

डॉक्टरांकडे या आठवड्यात जा. तपासण्या करून, रिपोर्ट घेऊन जा. सोबत एक कागद ठेवा: टाच कधीपासून, सकाळी किती मिनिटं आखडते, कुठली नखं, घरात आणखी कोणाला सोरायसिस किंवा संधिवात आहे का, आणि चालू असलेली सगळी औषधं, बीपीचीसुद्धा. आदल्या रात्री घासूनपुसून, चट्टे गुळगुळीत करून जाऊ नका. आणि बूट नकोत, चपला घालून जा. टाच दाखवायची आहे.